प्रमाण लाट आणि प्रत्यक्ष समुद्र : नौवास्तुशास्त्रातील एका गृहीताचे परीक्षण

१

तीनशे मीटर लांबीचे पोलादी जहाज धक्क्याशी उभे असताना एखाद्या इमारतीसारखे अचल व अनम्य भासते. वस्तुतः ते लवचिक असते. भर समुद्रात लाटांवरून जाताना त्याचा लांबलचक बांधा कधी पाठ उचलतो, कधी पोटाकडे लवतो, आणि नाळेवर लाटेचा जोराचा तडाखा बसला की घणाचा घाव बसलेल्या पहारीसारखा थरारतो. हा थरार संपूर्ण जहाजभर पसरतो आणि तडाखा देणारी लाट निघून गेल्यावरही काही काळ टिकतो. अशा लवचिक व कंपनशील वस्तूच्या बळकटीचा हिशेब मात्र ती जणू गोठलेल्या लाटेवर निश्चल टेकलेली आहे, असे मानून दीर्घकाळ केला गेला. या गृहीताला ‘प्रमाण लाटे’ची पद्धती असे म्हणता येईल. या पद्धतीने काय साधले, तिने काय झाकून ठेवले आणि तिच्या जागी आलेल्या नव्या उपपत्तींवर किती विसंबावे, याचे परीक्षण करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या पद्धतीमागील कल्पना सरळ आहे. जहाजाचे वजन त्याच्या लांबीवर सारखे विभागलेले नसते. यंत्रघर, माल व इंधनाच्या टाक्या यांमुळे ते कोठे अधिक तर कोठे उणे असते. पाण्याचा वरचा रेटा, म्हणजे उत्प्रणोदन, हेही नाळेपासून पिछाडीपर्यंत सारखे नसते. एकूण वजन व एकूण उत्प्रणोदन समान असले तरी जागोजागी त्यांच्यात तफावत राहते आणि त्या तफावतीमुळे बांधा वाकतो. ही तफावत लाटेमुळे वाढते. लाटेचा माथा जहाजाच्या मध्याशी आला म्हणजे दोन्ही टोके आधाराविना खाली झुकतात; तेव्हा डेक ताणला जातो व तळ दाबला जातो. माथे दोन्ही टोकांशी व दरी मध्याशी आली म्हणजे याच्या नेमके उलट घडते. यांतील पहिली अवस्था ‘हॉगिंग’ व दुसरी ‘सॅगिंग’ या नावाने ओळखली जाते.

या विचाराला बरीच जुनी परंपरा आहे. लाकडी युद्धनौकांना तिरकस आधार देण्याच्या सेपिंग्ज याच्या योजनेची चिकित्सा करताना टॉमस यंग याने १८१४ मध्ये वजन व उत्प्रणोदन यांच्या विषम विभागणीचा विचार केला होता. लोखंडी जहाजे आल्यावर १८६० मध्ये फेअरबेर्न याने जहाज म्हणजे एक पोकळ तुळई होय, ही दृष्टी मांडली. पुढे रँकिन व रीड यांनी त्या दृष्टीला गणिताचे रूप दिले. रीडने १८७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात प्रत्यक्ष जहाजांच्या वजनाचे व उत्प्रणोदनाचे आलेख काढून दाखविले. १८७४ मध्ये विल्यम जॉन याने या साऱ्याचे सार एका सुटसुटीत सूत्रात आणले. जहाजाच्या विस्थापनाला लांबीने गुणून ३५ने भागले की सर्वाधिक नमन परिबलाचा अंदाज मिळतो, असे ते सूत्र होय. एक लाख टन विस्थापन व ३०० मीटर लांबी असलेल्या जहाजाला ते लावले तर सुमारे ८ लाख ५७ हजार टन-मीटर एवढे परिबल येते. लाट कोणती धरावी याविषयीही संकेत रूढ झाला : लांबी जहाजाइतकीच आणि उंची त्या लांबीच्या विसाव्या हिश्शाइतकी.

अशी लाट समुद्रात नेमकी केव्हा भेटते, हा प्रश्न या पद्धतीच्या दृष्टीने गौण होता, आणि तिचे सामर्थ्य व दौर्बल्य दोन्ही याच एका गोष्टीत आहेत. प्रमाण लाटेवरून काढलेले प्रतिबल हे पोलादात प्रत्यक्ष उद्भवणारे प्रतिबल नव्हते. ते तुलनेचे एक नाणे होते. जी जहाजे वर्षानुवर्षे सुखरूप चालली त्यांचा या रीतीने हिशेब करावयाचा, त्यातून येणारा आकडा सुरक्षित मानावयाचा आणि नव्या जहाजाचा आकडा त्याच्या आत ठेवावयाचा, असा हा व्यवहार होता. गृहीत धरलेली लाट काल्पनिक आणि मान्य केलेले प्रतिबलही सांकेतिक. परंतु दोन्हींतील चुका एकमेकींना सांभाळून घेत. मात्र नवे जहाज जुन्याच्याच जातीचे असेल, तोवरच हे नाणे खरे ठरणार होते. जहाजाचा आकार, बांधणी किंवा पोलाद बदलले की ते चालेलच, याची हमी त्या गणितात कोठेही नव्हती.

२

या पद्धतीची पहिली मोठी कसोटी विसाव्या शतकाच्या आरंभीच लागली. सप्टेंबर १९०१ मध्ये ‘कोब्रा’ ही टर्बाइनवर चालणारी ब्रिटिश विनाशिका उत्तर समुद्रात दुभंगली. तिच्यावरील ६७ जण मृत्यू पावले. वाचले ते केवळ बारा. जहाज कोठे आपटले नव्हते, ते रचनेतच दुबळे होते, असा निर्णय लष्करी न्यायालयाने दिला. या निर्णयाने उठलेल्या वादळाचा परिणाम म्हणून १९०३ मध्ये ‘वुल्फ’ या दुसऱ्या विनाशिकेवर प्रयोग करण्यात आले. तिला कोरड्या गोदीत एकदा मध्यावर आणि एकदा दोन्ही टोकांवर टेकवून तिच्या पत्र्यांची विकृती मोजली गेली. मग खवळलेल्या समुद्रात नेऊन तीच मोजणी पुन्हा करण्यात आली. समुद्रावर आढळलेली प्रतिबले प्रमाण लाटेच्या हिशेबापेक्षा कमीच भरली. प्राध्यापक बाइल्स यांनी १९०५ मध्ये हे निष्कर्ष मांडले, तेव्हा नौवास्तुविदांना मोठा दिलासा मिळाला.

तो दिलासा अनाठायी नव्हता. पूर्ण आकाराच्या जहाजावर, प्रत्यक्ष समुद्रात, मोजणीने उपपत्ती तपासण्याचे हे धैर्य आजही अनुकरणीय आहे. परंतु एका प्रयोगाचे उत्तर किती दूरवर नेता येते, हा प्रश्न त्या वेळी पुरेसा विचारला गेला नाही. ‘वुल्फ’ सुमारे ६४ मीटर लांबीची होती. एवढ्या आखूड बांध्याचे स्वाभाविक कंपन लाटांच्या आवर्तनकालाच्या मानाने फारच जलद असते. अशा जहाजाला लाट हा सावकाश येणारा भार वाटतो आणि स्थितिक हिशेब त्याला बऱ्यापैकी लागू पडतो. जे छोट्या जहाजाविषयी सिद्ध झाले ते जहाजमात्राविषयी सिद्ध झाल्यासारखे मानले गेले, ही खरी तर्काची चूक होती. ती दिसून येण्यासाठी जहाजे पाचपट लांब व्हावी लागली.

३

जहाजाच्या कंपनाचा अभ्यास तोवर झालाच नव्हता असे नाही. तो वेगळ्या दारातून आला होता. वाफेच्या एंजिनांच्या ठोक्यांनी उतारूंना होणारा त्रास ही त्यामागील प्रेरणा होती. ऑटो श्लिक याने १८८४ पासून या विषयावर निबंध वाचले आणि बांध्याची स्वाभाविक कंप्रता काढण्याचे प्रसिद्ध सूत्र दिले. बांध्याच्या मध्यछेदाच्या निरूढी परिबलाला विस्थापन व लांबीचा घन यांच्या गुणाकाराने भागून त्याचे वर्गमूळ घेतले की कंप्रता त्याच्या प्रमाणात असते, असे ते सूत्र सांगते. बांध्यासोबत भोवतालचे पाणीही हलते आणि ते कंपनात जणू जहाजाच्या वजनात भर घालते, ही गोष्ट एफ. एम. ल्युइस याने १९२९ मध्ये गणिताने मांडली. उभ्या कंपनात ही भर जहाजाच्या स्वतःच्या वस्तुमानाच्या तोडीची असू शकते.

श्लिकच्या सूत्राचा एक निष्कर्ष विशेष विचारार्ह आहे. समरूप जहाजांची लांबी वाढत गेली तर निरूढी परिबल लांबीच्या चौथ्या घाताने आणि विस्थापन तिसऱ्या घाताने वाढते. सूत्रात हे घातले की कंप्रता लांबीच्या व्यस्त प्रमाणात घटते. लांबी दुप्पट केली की कंप्रता निम्मी होते. उच्च बळाचे पोलाद वापरून पत्रे पातळ केले तर ती आणखी उतरते. याचा अर्थ असा, की जहाज जसजसे मोठे होते तसतसा त्याचा स्वतःचा आवर्तनकाल लाटांच्या आवर्तनकालाकडे सरकू लागतो. आजच्या मोठ्या कंटेनरवाहू जहाजाचे सर्वांत सावकाश उभे कंपन सुमारे दोन सेकंदांचे असते. मोठे आकारमान म्हणजे अधिक स्थैर्य, ही लोकसमजूत येथे उलटी ठरते.

या कंपनाचे दोन प्रकार वेगळे ओळखले पाहिजेत. पहिला ‘स्प्रिंगिंग’ हा होय. यात लहान लाटांच्या नियमित भेटीने बांधा सतत अनुस्पंदित होत राहतो. सुमारे ४.८ सेकंदांच्या व ३५ मीटर लांबीच्या लाटांना एखादे जहाज २० नॉट वेगाने सामोरे गेले, तर त्या त्याला दर दोन सेकंदांनी भेटतात. म्हणजे ३०० मीटरच्या जहाजाला त्याच्या एक अष्टमांशाहून कमी लांबीच्या लाटा झुलवू शकतात, आणि प्रमाण लाटेच्या कल्पनेत अशा लाटेला स्थानच नाही. अमेरिकेतील महासरोवरांतून खनिज वाहणाऱ्या लांबट व सडपातळ जहाजांवर हा अनुभव ठळकपणे आला. यातून बांधा एकाएकी मोडत नाही. परंतु लक्षावधी आवर्तनांमुळे पोलादाला शीण येतो आणि सांध्यांशी भेगा पडू लागतात.

दुसरा प्रकार ‘व्हिपिंग’ हा अधिक उग्र आहे. नाळ पाण्याबाहेर येऊन पुन्हा आपटली, किंवा तिच्या वर फाकत गेलेल्या बाजूंवर लाट आदळली, की अल्पकाळात फार मोठा दाब उत्पन्न होतो. अशा आघाताच्या गणिताचा पाया जहाजांसाठी नव्हे, तर समुद्रविमानांच्या तराफ्यांसाठी घातला गेला : १९२९ मध्ये फोन कार्मान आणि १९३२ मध्ये वाग्नर यांनी. कंटेनरवाहू जहाजाची नाळ तळाशी अरुंद व वर अतिशय फाकलेली असते, कारण तिला वेगही हवा असतो आणि डेकवर जागाही हवी असते. आघाताला सर्वाधिक निमंत्रण देणारा आकार तो हाच.

यावर असे म्हणता येईल, की आघात होतो तेव्हा नाळ पाण्यात बुडालेली असते, म्हणजे बांधा सॅगिंगच्या अवस्थेत असतो; मग हॉगिंगमध्ये दाबल्या जाणाऱ्या तळाला त्यापासून भय कोणते? याचे उत्तर संदमनाच्या अल्पतेत आहे. पोलादी बांध्याचे संदमन निर्णायक संदमनाच्या एक-दोन टक्के एवढेच असते. ते एक टक्का धरले तर प्रत्येक आवर्तनात कंपनाचा परमप्रसर फक्त सहा टक्क्यांनी घटतो. दहा सेकंदांनी लाट भेटत असेल तर सॅगिंगनंतर पाच सेकंदांनी हॉगिंगची अवस्था येते. तोवर बांध्याची अडीच आवर्तने झालेली असतात आणि मूळ थराराचा सुमारे ८५ टक्के भाग अद्याप शिल्लक असतो. सॅगिंगमध्ये बसलेल्या तडाख्याची थकबाकी अशा रीतीने हॉगिंगच्या परिबलात जमा होते. स्थितिक हिशेब हे पाहू शकत नाही, कारण त्याला मागची लाट आठवत नाही.

बांधा व पाणी यांचा एकत्रित विचार करणारी ही दृष्टी बिशप व प्राइस यांच्या १९७९ च्या ‘हायड्रोइलॅस्टिसिटी ऑफ शिप्स’ या ग्रंथात सुसंगत शास्त्राच्या रूपाने मांडली गेली. तिचे महत्त्व असे, की लाट भार देते आणि जहाज तो निमूटपणे सोसते, ही विभागणीच तिने नाकारली. जहाजाच्या हालण्याने पाण्याचा दाब बदलतो व त्या दाबाने जहाजाचे हालणे बदलते. दोहोंना एकाच समीकरणात बसवावे लागते.

४

उपपत्ती उपलब्ध झाली तरी नियम लगेच बदलले नाहीत. वर्गीकरण संस्थांच्या महासंघाने १९८९ मध्ये लाटेच्या परिबलाची एकसूत्री गणना ठरविली. तिच्यात प्रमाण लाटेची जागा समुद्रावरील दीर्घकालीन अनुभवावर आधारलेल्या सूत्राने घेतली; तरीही बांध्याचा थरार त्या सूत्राबाहेरच राहिला. त्याची भरपाई सुरक्षिततेच्या मोघम राखीव अंशातून होईल, असे गृहीत होते. हा अंश कशाकशासाठी राखला आहे हे मात्र कोठे लिहिलेले नव्हते.

१८ जानेवारी २००७ रोजी इंग्लिश खाडीत वादळी समुद्रात ‘एमएससी नापोली’ या कंटेनरवाहू जहाजाचा बांधा यंत्रघराशी निकामी झाला. १९९१ मध्ये बांधलेले हे जहाज सुमारे २७६ मीटर लांबीचे होते. सर्व २६ खलाशी जीवनरक्षक नौकेत उतरले व तेथून हेलिकॉप्टरने वाचविले गेले. जहाज पुढे डेव्हनच्या किनाऱ्यावर मुद्दाम रुतविण्यात आले. ब्रिटिश सागरी अपघात अन्वेषण शाखेने २००८ मध्ये दिलेला अहवाल या विषयावरील उत्तम गद्यात गणला जावा, इतका स्पष्ट आहे. पत्रे दाबाखाली फुगून वाकण्याची तपासणी नियमांनुसार बांध्याच्या मधल्या चाळीस टक्के लांबीपुरतीच आवश्यक होती आणि जहाज मोडले ते त्या टप्प्याच्या बाहेर. तेथे पत्र्यांना आधार देणाऱ्या फासळ्या आडव्या होत्या. लांबीच्या दिशेने येणाऱ्या दाबाला त्या फारसा अटकाव करीत नाहीत. थराराने भारात भर पडली असावी, परंतु नियमांत त्याचा हिशेब नव्हता, हेही अहवालाने नोंदविले. शिवाय डेकवरील कोरड्या राहिलेल्या ६६० कंटेनरांचे वजन केले असता १३७ कंटेनरांच्या वजनात जाहीर आकड्यापेक्षा तीन टनांहून अधिक फरक आढळला. म्हणजे समुद्राकडून येणारा भार अनिश्चित होताच. स्थिर पाण्यातील भारही तितकासा निश्चित नव्हता.

दुसरी घटना अरबी समुद्रातील, आणि म्हणून येथील वाचकाला अधिक जवळची आहे. सिंगापूरहून जेद्दाकडे निघालेले ‘एमओएल कम्फर्ट’ हे ३१६ मीटर लांबीचे जहाज १७ जून २०१३ रोजी, ऐन नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत, मध्यावर दुभंगले. ते अवघे पाच वर्षांचे होते. त्याच्यावरील २६ खलाशी वाचले. शोध व बचाव यांचा समन्वय मुंबईच्या केंद्राने केला. पिछाडीचा अर्धा भाग २७ जूनला बुडाला. पुढल्या भागाला ओढून नेत असताना आग लागली. ती विझविण्यासाठी भारतीय तटरक्षक दलाचे ‘समुद्र प्रहरी’ हे जहाज धावले, तरी ११ जुलैला तो भागही तळाला गेला. पुरावाच असा हजारो मीटर खोल बुडाल्यामुळे चौकशीला भगिनी-जहाजांकडे वळावे लागले. त्यांच्या तळाच्या पत्र्यांवर मध्यरेषेनजीक सुमारे २० मिलिमीटरपर्यंत उंचीचे फुगवटे आढळले. ज्या जागी तळ दाबला जातो त्याच जागी पोलादाने आधीच इशारा दिलेला होता. तो इशारा म्हणून वाचणारा कोणी नव्हता, इतकेच.

जपानी समित्यांच्या अहवालांत दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली अशी, की बांध्याची अंतिम बळकटी काढताना केवळ लांबीच्या दिशेचे वाकणे धरून भागत नाही. तळावर खालून पडणारा पाण्याचा दाब दुहेरी तळाला आडव्या दिशेनेही वाकवितो आणि दोन्ही दिशांनी दाबला गेलेला पत्रा अपेक्षेपेक्षा आधी हार मानतो. दुसरी गोष्ट त्या अहवालांच्या प्रामाणिकपणाची आहे. समुद्राची अवस्था, पोलादाचे बळ व मालाचे वजन या तिन्हींतील अनिश्चितता विचारात घेतली तरच भार बळकटीपेक्षा अधिक झाला असण्याची शक्यता दिसते, असे त्यांनी सांगितले. एकच निर्णायक कारण सापडल्याचा दावा त्यांनी केला नाही. सामान्य वाचकाला हे उत्तर अपुरे वाटेल. परंतु त्यातूनच एक गंभीर गोष्ट उघड होते : नियमांत सर्वस्वी बसणारे जहाज सर्व अनिश्चिततांच्या प्रतिकूल संयोगात मोडू शकत होते.

५

स्थितिक पद्धतीच्या अपयशावरून गतिशास्त्रीय उपपत्तीचा निर्विवाद विजय झाला, असे अनुमान काढणे मात्र घाईचे होईल. १९८० मध्ये ‘डर्बीशर’ हे प्रचंड मालवाहू जहाज जपानजवळ तुफानात ४४ जणांसह बेपत्ता झाले. त्याचा बांधा पिछाडीकडील एका विशिष्ट फासळीनजीक तुटला असावा, असे मत बराच काळ प्रभावी होते, आणि बांध्याच्या कंपनाच्या सूक्ष्म गणितानेही त्याला बळ मिळाले होते. १९९४ मध्ये अवशेष सापडले. त्यांच्या पाहणीनंतर पुन्हा झालेल्या चौकशीने २००० मध्ये वेगळाच निष्कर्ष काढला. नाळेकडील भागात हळूहळू पाणी शिरले, नाळ खाली गेली आणि लाटांच्या भाराने पहिल्या मालकक्षाचे झाकण खचले, असा तो निष्कर्ष होता. सूक्ष्म गणित शक्यता दाखविते. काय घडले हे ते एकटे सांगू शकत नाही. जहाजाच्या बळकटीचा विचार करताना त्याची झाकणे विसरून चालत नाही, हाही त्यातील बोध आहे.

दुसरा आक्षेप अधिक तात्त्विक आहे. व्हिपिंगचे शिखर सेकंदभरच टिकते. एवढ्या अल्प काळात बांधा खरोखर कोसळेल काय, की तो क्षणिक अतिभार पचवील? सावकाश वाढविलेल्या भाराखाली मोजलेली बळकटी आणि क्षणिक भाराखालील बळकटी एकच नव्हेत, हे मान्य केले पाहिजे. परंतु या युक्तिवादाने थराराचा हिशेब कमी करता येईल. तो टाळता येणार नाही.

वर्गीकरण संस्थांच्या महासंघाने २०१५ मध्ये कंटेनरवाहू जहाजांसाठी नवे नियम स्वीकारले. ते १ जुलै २०१६ पासून करार झालेल्या जहाजांना लागू झाले. ३२.२६ मीटरहून रुंद जहाजांच्या अंतिम बळकटीत व्हिपिंगचा वाटा धरला पाहिजे, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. त्याच दिवसापासून कंटेनरांचे वजन जहाजावर चढविण्यापूर्वी प्रमाणित करणेही आंतरराष्ट्रीय नियमाने बंधनकारक झाले. ही प्रगती निःसंशय स्वागतार्ह आहे. तथापि व्हिपिंगचा वाटा कोणत्या रीतीने मोजावा हे ठरविण्याचे काम त्या नियमाने प्रत्येक संस्थेच्या स्वतःच्या कार्यपद्धतीवर सोपविले. एकाच समुद्रात जाणाऱ्या, एकाच आकाराच्या दोन जहाजांचा थरार दोन संस्थांच्या पुस्तकांत दोन प्रकारे मोजला जाणे यामुळे शक्य राहिले. प्रमाण लाटेत निदान एक गुण होता : ती सर्वांना एकच होती.

६

या परीक्षणातून निघणारा निष्कर्ष प्रमाण लाटेच्या विरुद्ध जितका आहे त्याहून अधिक तिच्या विस्मरणाच्या विरुद्ध आहे. जॉन किंवा रीड यांना आपली लाट काल्पनिक आहे हे ठाऊक होते. पुढील पिढ्यांना आकडे वारशाने मिळाले, त्यांमागील शंका मिळाली नाही. सांकेतिक आकडा वर्षानुवर्षे वापरला गेला की तो मोजलेला वाटू लागतो. तुलनेचे नाणे मग मोजपट्टी म्हणून वापरले जाते आणि राखीव अंश नेमका कशासाठी ठेवला होता हे कोणालाच आठवत नाही. तोच अंश एकदा पातळ पत्र्यासाठी, एकदा जड मालासाठी व एकदा मोठ्या नाळेसाठी असा तीनदा खर्ची पडतो.

नव्या गतिशास्त्रीय पद्धतींनाही हाच धोका आहे. संगणकाने काढलेला थरार कितीही सूक्ष्म असला तरी संदमन, आघाताचा दाब व समुद्राची अवस्था यांविषयीची गृहीते त्याच्या पोटात असतात. ती उघडपणे लिहिली गेली पाहिजेत आणि ‘वुल्फ’च्या परंपरेने प्रत्यक्ष जहाजांवरील मोजणीने वारंवार तपासली गेली पाहिजेत, एकदाच नव्हे, तर आकार बदलेल त्या प्रत्येक वेळी. ‘कोब्रा’वरील ६७ जणांनंतर एक प्रयोग झाला व शतकभर त्याच्या उत्तरावर समाधान मानले गेले. ‘नापोली’ व ‘कम्फर्ट’ यांच्यावरील ५२ खलाशी वाचले, हा बचाव-पथकांच्या व खलाशांच्या कौशल्याचा भाग होता. गणिताच्या अचूकतेचा नव्हता. हा भेद नियम करणाऱ्यांनी ध्यानात ठेवला, तरच या दोन जहाजांनी शिकविलेला धडा पुढील जहाजांच्या उपयोगी पडेल.